सब्र कुणाचा, सोय कुणाची?

मशिदीत आता कडेला खुर्च्यांची रांग असते. गुडघे साथ देत नाहीत असे बुजुर्ग तिथे बसून इशाऱ्याने रुकू-सज्दा करतात आणि त्यात कुणालाच वावगे वाटत नाही. घरातल्या अम्मीचे गुडघे मात्र कुणाच्या हिशेबात नसतात. ती ओट्याला धरून उभी राहते, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते. विचारले तर म्हणते, "अब कित्ते दिन की मेहमान हूं? चल रहा है न." आणि आपण आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो, अम्मीमध्ये सब्र फार आहे.

या कौतुकाविषयी आपण थोडे बोलले पाहिजे. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया कधी करावी, हा प्रश्न आपण डॉक्टरांचा समजतो. अर्धा तो आहेही. उरलेला अर्धा अखलाकचा आहे. दुखणे एकाचे, पैसा दुसऱ्याचा, शुश्रूषा तिसऱ्याची; मग निर्णय कुणाचा?

आधी डॉक्टरांचा अर्धा भाग पाहू. संधिवातात गुडघ्यातली कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात, मध्ये टणक प्लास्टिकचा थर ठेवतात. ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून 2001 मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे नाव घरोघर पोचले.

ही शस्त्रक्रिया घाईची नसते. ती फार लवकर केली तर बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेल याची खात्री नसते. 2017 साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की सत्तरीनंतर गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोकांनाच पुढे आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याचा संभव असतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण 35 टक्क्यांपर्यंत जाते. डेन्मार्कमध्ये 100 रुग्णांवर झालेला 2015 सालचा अभ्यासही बोलका आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम जास्त पडला, पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले. ज्यांना केवळ व्यायाम, वजन कमी करणे, औषध असे उपचार दिले, त्यांच्यातल्या चौघांपैकी तिघांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली नाही. म्हणून व्यायाम हा दिलासा देण्यासाठी सांगितलेला उपाय नव्हे, तो खरा इलाज आहे.

फार उशीर केला तर मांडीचे स्नायू सुकतात, पाय वाकडा होतो, आणि जो आधीच फार खचला त्याला शस्त्रक्रियेनंतरही कमीच परत मिळते. शिवाय चिरफाडीला भिणारे घर रोजच्या वेदनाशामक गोळीला भीत नाही. ती गोळी वर्षानुवर्षे पोट आणि मूत्रपिंडे पोखरू शकते, पण तिचा आवाज होत नाही.

म्हणजे वेळ लवकर आणि उशिरा यांच्यामध्ये कुठेतरी आहे. ती एकट्या एक्स-रेवरून ठरत नाही. एकाच्या फोटोत सांधा पार झिजलेला असतो आणि तो बाजार करून येतो. दुसऱ्याची झीज कमी दिसते आणि त्याला रात्रभर झोप नसते. जगणे किती आखडले, हे ज्याचे दुखते तोच सांगू शकतो. इथे डॉक्टरांचा भाग संपतो आणि आपला सुरू होतो.

आपल्याकडे सब्र या शब्दाचा अर्थ 'निमूट सोसणे' असा होऊन बसला आहे. पण सब्राचे सर्वात मोठे उदाहरण म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या हजरत अय्यूब (अलै.) यांनीही आपली पीडा रब्बापुढे मांडलीच होती. मग त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितले गेले आणि न्हाण्या-पिण्यासाठी थंड पाणी मिळाले. इलाज मागणे आणि घेणे सब्राच्या विरुद्ध असते, तर ही कथा कुरआनात अशी आली नसती.

बुखारी शरीफमधली एक हकीकत इथे फार मोलाची वाटते. एका हबशी स्त्रीला फिट येत आणि त्यात तिचे अंग उघडे पडे. तिने प्रेषित मुहम्मद (स.) यांना दुआ करण्याची विनंती केली. प्रेषितांनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: सब्र केलास तर जन्नत आहे, हवे असेल तर बरे होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. फक्त अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली, आणि ती केली गेली.

या हकीकतीत दोन गोष्टी आहेत. निवड त्या स्त्रीला दिली गेली. तिच्या भावाला किंवा मुलाला कुणी विचारले नाही. आणि तिला सर्वात जास्त काय सलते, ते तिनेच सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला फिट हे दुःख दिसले असते. तिचे खरे दुःख बेपर्दगी हे होते. आपल्या अम्मीला काय सलते? कदाचित कळ नव्हे, तर शौचालयातून उठताना सुनेला हाक मारावी लागते, हे सलत असेल. ते विचारल्यावाचून कसे कळणार?

जिच्यापुढे दोन वाटा आहेत तिचा सब्र हा सब्र. जिला कुणी विचारलेच नाही तिची ती मजबुरी. मजबुरीला सब्र म्हणण्यात सोय आपली असते.

विचारण्याचीही एक रीत आहे. "करना है क्या ऑपरेशन?" असे दारातून विचारले की "नको" हेच उत्तर येते. त्या "नको"त तिचे स्वतःचे किती आणि आपल्या खर्चाचा, नातीच्या लग्नाचा, सुनेच्या कामाचा हिशेब किती, हे ओळखले पाहिजे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या सांध्याची किंमत दीड लाखाच्या पुढून 54,720 रुपयांवर आली, कर वेगळा. तरी रुग्णालय, भूल, औषधे, नंतरचा व्यायाम धरून रक्कम मोठीच होते. म्हणून पैसा कुठून येईल, दोन महिने स्वयंपाक कोण करील, व्यायाम रोज कोण करवून घेईल, हे आधी घरात ठरवावे आणि मग तिला विचारावे. ओझे उतरवल्यावर ती जे बोलेल ते तिचे स्वतःचे असेल.

तिला खरेही सांगावे. पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर चालणे, जिना, झोप परत मिळते. जमिनीवरचा सज्दा परत मिळेलच असे नाही. दर पाचांत एकाला मनासारखा आराम पडत नाही. नमाजचे म्हणाल तर शरीअतने सवलत आधीच दिली आहे: उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर कुशीवर. हजची आस असेल तर सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच अंतर तीन किलोमीटरच्या आसपास भरते. चाकाच्या खुर्चीवरूनही सई होते, पण तिला ती स्वतःच्या पायांनी करायची असेल, तर तो हिशेबही निर्णयात धरला पाहिजे.

एवढे सगळे ऐकून ती "हो" म्हणाली तर पुढच्या ईदची वाट न पाहता तयारीला लागावे. "नको" म्हणाली तर तिचा सब्र डोक्यावर घ्यावा; आणि शौचालयात कमोड, भिंतीला धरायला दांडी, बसायला योग्य उंचीची खुर्ची एवढे त्याच आठवड्यात करून द्यावे. वर्षभराने पुन्हा विचारावे. गुडघे बदलतात तसे माणसाचे मनही बदलते, आणि पुन्हा विचारायला पैसे पडत नाहीत.