धोटा, विटाळ आणि अनुमोदन

पतंजलीच्या योगसूत्रांतील दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले, असे तीन प्रकार सांगितले आहेत. ही विभागणी योगसाधकासाठी असली, तरी कारखानदाराची जबाबदारी तपासताना तिसरा प्रकारच अधिक कामाचा ठरतो. कारण भेदभाव स्वतः करणारा मालक सहज ओळखू येतो, पण आपली हरकत नाही, कामगारच ऐकत नाहीत, असे म्हणणारा मालक स्वतःला साक्षी, म्हणजे घडते ते नुसते पाहणारा, समजत असतो.

याचे एक उदाहरण पाहू. मुंबईच्या कापडगिरण्यांतील साळखाते, म्हणजे विणकामाचा विभाग, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बंद असे. धोट्यातील, म्हणजे ताण्यातून आडवे सूत नेणाऱ्या साधनातील, सुताची कांडी संपली की विणकर नवी बसवी, धोट्याच्या बारीक छिद्राला ओठ लावी आणि श्वास आत ओढून सुताचे टोक बाहेर काढी. त्यामुळे उष्ट्याचा विटाळ होतो, अशी सवर्ण विणकरांची तक्रार असे. हा विटाळ नेमका चांगल्या मजुरीच्या खात्यात जागा होई, हे सोवळ्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, आणि तो मालकांइतकाच कामगारपुढाऱ्यांनाही अडचणीचा होता.

मालकाचे नुसते मौन म्हणजे अनुमोदन नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण नेमणूक आणि यंत्रखरेदी ज्याच्या हाती आहे, त्याचे मौन वाटसरूच्या मौनासारखे नसते. ते छिद्र काही धर्मशास्त्राने पाडलेले नव्हते; तोंडाने सूत ओढण्याच्या धोट्यांवर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्येच, आरोग्याच्या कारणाने का होईना, बंदी घातली होती, आणि हाताने सूत ओवण्याचे धोटे उपलब्ध होते.

अर्थात धोटा बदलूनही सारे सुटले नसते, कारण भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार आणणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे आणि जॉबर बहुधा आपल्या गावचा, नात्यातला, जातीतला माणूस आणी. आजही ‘ओळखीतले कोणी असेल तर सांगा’ म्हणून जागा भरणाऱ्या कार्यालयात कोणी कोणाला नाकारत नाही. काही नावे तेथवर पोहोचतच नाहीत, आणि उरलेल्या नावांच्या यादीवर मालक सही करतो.