मारणारं कापड, कुजणारं कापड

स्थानकवासी आणि तेरापंथी जैन साधू-साध्वींच्या तोंडावरची पांढरी मुहपत्ती रोगजंतूंपासून बचावासाठी असावी, असं अनेकांना वाटतं. हेतू नेमका उलटा आहे. बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासानं हवेतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, म्हणून ती बांधतात. १९१०-११मध्ये मांचुरियातल्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी गॉज-कापसाची मुखपट्टी वापरायला लावली, ती मात्र माणसाला वाचवण्यासाठी.

आजचा एन-९५ मास्क याच दुसऱ्या परंपरेतला. पॉलिप्रॉपिलीनच्या विद्युतभारित तंतूंत ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडकतात. अडकलेले जंतू काही काळ जिवंत राहतात, म्हणून आता काही मास्कना चांदी, तांबं किंवा कायटोसानचा लेप देतात. अडवणाऱ्या कापडाला असं मारायलाही शिकवलं, तर अहिंसा मानणाऱ्यानं ते वापरावं का?

जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार मानतं: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थानं संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेली, हिंसा सोडायची. स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टळत नाही. नगर जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेले स्थानकवासी आचार्य आनंदऋषीजी मुहपत्ती बांधत, आणि नगरला त्यांच्याच नावाच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक होतात. कारण साधूचं कडक महाव्रत आणि गृहस्थाचं सौम्य अणुव्रत यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

पण हिशेब तोंडापाशी मिटत नाही.

साधूच्या पाच समित्यांतली, म्हणजे सावधगिरीच्या नियमांतली, शेवटची उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तू जीवांना इजा होणार नाही अशा जागी टाकायला सांगते. न कुजणारं पॉलिप्रॉपिलीन या कसोटीला उतरत नाही. त्याला पर्याय म्हणून सेल्युलोज किंवा मक्या-उसापासूनच्या पीएलए या प्लास्टिकचे तंतू आले, आणि तिथेच पेच पडला. कापड कुजवणारेही सूक्ष्मजीवच! चांदीचे आयन मातीत सुटले, तर ते त्यांनाही मारू शकतात. शिवाय पीएलए साध्या उकिरड्यावर लवकर कुजत नाही. त्याला साठेक अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं.

कायटोसान यातून बराच सुटतो. त्याचा धनभार जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते खिळखिळं करतो, तरी मातीतल्या जिवाणू-बुरशींची विकरं त्याला पचवतात. मात्र तो बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून काढतात. बुरशीपासूनही तो मिळतो, आणि इंद्रियांच्या संख्येवर बेतलेल्या जैन क्रमवारीत बुरशी एकेंद्रिय, कोळंबी त्याहून वरची. त्यामुळे असा मास्क घेणारा श्रावक गाळण्याच्या टक्केवारीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारेल: लेप कशापासून काढला, तो मातीत सुटतो का, आणि कापड किती तापमानाला कुजतं.