देव बोलला, हे कशावरून?

"तुम्ही बरे होणार, असे देवाने मला प्रकट केले आहे," असे मी एकदा मंडळीतील एका आजारी बांधवांना सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांचा दफनविधी झाला. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "भाऊ, त्या दिवशी देव बोलला होता, की तुम्ही?" मी निरुत्तर झालो.

प्रकटीकरण म्हणताच आपल्याला नव्या कराराचे शेवटचे पुस्तक आठवते. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आच्छादन दूर करणे असा आहे. देव भविष्याची गुप्त बातमी देतो, एवढेच प्रकटीकरण नव्हे. देव स्वतःची ओळख करून देतो. सृष्टीतून त्याचे वैभव दिसते, असे १९ वे स्तोत्र सांगते. याला ईश्वरज्ञानशास्त्रात सामान्य प्रकटीकरण म्हणतात. इस्राएलाच्या इतिहासात, संदेष्ट्यांच्या द्वारे व शेवटी पुत्राच्या ठायी देवाने जे कळविले, ते विशेष प्रकटीकरण होय.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा 'जर्मन ख्रिस्ती' म्हणविणाऱ्या गटाला त्या घटनेत देवाचाच हात दिसला. वंश व राष्ट्र यांतून देव बोलतो, असे ते म्हणू लागले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी जाहीर केले की, येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द आहे. या घोषणेचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा होता. त्याच वर्षी त्यांचे मित्र एमिल ब्रुनर यांनी सृष्टीतील प्रकटीकरणाचा पक्ष मांडला. ब्रुनर काही हिटलरचे समर्थक नव्हते. तरी बार्थ यांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पुस्तिकेचे नावच 'नाही!' असे ठेवले.

बार्थ यांचा नकार मला फार कठोर वाटतो. स्तोत्रकर्त्याचे आकाश मला मुके वाटत नाही. परंतु त्यांची कसोटी मी मानतो. आपली इच्छा, आपली भीती, आपल्या समाजाचा अभिमान, हे सारे देवाच्या आवाजात बोलू शकतात. म्हणून प्रत्येक "देवाने मला सांगितले" हे ख्रिस्तापुढे आणून पारखावे.

पुष्कळ दिवसांनी मी त्या घरी गेलो व म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मीच बोललो होतो. मला क्षमा करा." देव जे बोलला, ते लाजाराच्या कबरेपाशी रडणाऱ्या प्रभूमध्ये बोलला. तेच मी त्या आजारी बांधवांना सांगायला हवे होते.