मिश्र कुटुंब व शेजारधर्म

परभणी जिल्ह्यांतील एका खेड्याच्या मंडळींतील वडील गृहस्थांनीं आम्हांपुढें एक प्रश्न ठेविला आहे. त्यांचा मुलगा परभणी शहरांत नोकरीस असून त्यानें दुसऱ्या समाजांतील मुलीशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला आहे. विवाहास त्यांनीं संमति दिली. मुलीच्या वडिलांनीं दिली नाहीं. पण त्यांचा प्रश्न विवाहाविषयीं नसून भाड्याच्या खोलीविषयीं आहे. तीन ठिकाणीं नकार आल्यावर चौथ्या ठिकाणीं मुलानें आपलें आडनांव तेवढें सांगितलें. तें आडनांव दोनतीन समाजांत आढळणारें आहे. घरमालकानें मनाशीं जो तर्क केला तो चुकीचा होता, आणि मुलानें तो दुरुस्त केला नाहीं. आतां आईवडील भेटीस निघाले, तेव्हां मुलाचा निरोप आला कीं, दारांत कोणास ‘सलाम’ म्हणूं नका, नमस्कार करा. गृहस्थ विचारतात, मुलगा खोटें बोलला काय? आणि आम्हीं तेथें जाऊन आपला नेहमींचा शब्द गिळला, तर त्या खोट्यांत आमचा वांटा किती?

ही शहरांतील पोरांची अडचण आहे असें म्हणून खेड्यांतील वाचकांनीं पान उलटूं नये. खेड्यांत कोणी कोणास आडनांव विचारीत नाहीं, कारण विचारण्याची गरज नसते. ज्याचें घर ज्या आळींत, त्याची ती जात. वेशीबाहेरचा तो वेशीबाहेरचा. परभणीस मात्र माणसें जिंतुराहून, सेलूहून, पाथरीहून, गंगाखेडाहून येतात. कोणी १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठांत चाकरीस असतात, कोणी कचेरींत, कोणी रेल्वेंत, कोणी मोंढ्यावर. तेथें तोंडावरून कांहीं कळत नाहीं. म्हणून गांवांत जें काम वेस करीत होती, तें शहरांत तीन प्रश्नांनीं होतें: आडनांव काय, मूळ गांव कोणतें, आणि तुमच्यांत मटणमासे चालतात का. गांवांत घरावरून जात कळे. शहरांत जात कळल्यावर घर मिळतें. याच शहरांत दरसाल फेब्रुवारींत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, व त्यास सर्व धर्मांचे लोक लोटतात. त्या गर्दींत धक्का लागला म्हणून कोणी कोणाचें आडनांव विचारीत नाहीं. तींच माणसें आपल्या गल्लींत परतलीं म्हणजे विचारतात. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, दुसऱ्याच्या सहवासाची भीति माणसास फारशी नसते. भीति असते ती तो सहवास कायमचा होण्याची.

प्रथम विचारणाऱ्याचा अधिकार पाहूं. घरमालकास भाडेकरूविषयीं पुष्कळ गोष्टी जाणण्याचा हक्क आहे. भाडें वेळेवर येईल कीं नाहीं, घरांत किती माणसें राहतील, कामधंदा काय, पोलीस ठाण्यांत नोंद करण्यास कागदपत्र आहेत कीं नाहींत, हें सर्व त्यानें विचारावें व त्यास खरेंच सांगावें. यांत लपविणारा तो फसविणारा. परंतु सुनेचें माहेर कोणतें, तिचा बाप कोणत्या देवास भजतो, या गोष्टीचा खोलीच्या भिंतींशीं संबंध नाहीं. ज्यास जें विचारण्याचा अधिकार नाहीं, त्यास तें न सांगणें हें असत्य नव्हे. येथवर मुलगा निर्दोष आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

किंबहुना, खोटें बोलावयास लावणारा नेहमीं गल्लींतलाच असतो असेंही नाहीं. ब्रिटिश अमलांतील १८७२ चा विवाहाचा कायदा पाहा. भिन्न जातींच्या वधूवरांस त्याखालीं लग्न लावावयाचें तर दोघांनीं असें लिहून द्यावें लागे कीं, आपण ख्रिस्ती नाहीं, यहुदी नाहीं, हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, पारशी, बौद्ध, शीख वा जैनही नाहीं. ज्याच्या मनांत खरोखर कोणताच धर्म उरला नव्हता त्यास हें सोपें होतें. पण ज्यास आपला धर्म प्रिय होता त्यानें काय करावें? त्यानें एकतर प्रेम सोडावें, नाहींतर सरकारी कागदावर असत्य लिहावें. १९२३ च्या दुरुस्तीनें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांची या अटींतून सुटका झाली. बाकीच्यांची १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें झाली. त्या कायद्यांतही तीस दिवसांची नोटीस कचेरींत लावावी लागते, म्हणजे जें गल्लीपासून झांकावयाचें तें आधीं भिंतीवर चिकटवावयाचें. पंडिता रमाबाईंनीं १८८० सालीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणीनेंच विवाह केला. त्या महाराष्ट्रीय ब्राह्मण, ते शूद्र गणलेल्या जातीचे. भाषा दोन, प्रांत दोन. मेधावींच्या आप्तांनीं त्यांस दूर केलें. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच १८८२ सालीं मेधावी वारले, आणि तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. ज्या स्त्रीस कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिला सासरच्या माणसांत थारा मिळाला नाहीं. विद्वत्तेचा मान सभेंत मिळतो. शेजार मिळण्यास ती पुरत नाहीं.

आतां प्रश्नाची दुसरी बाजू. न सांगणें असत्य नसलें तरी तें एकदांच न सांगून भागत नाहीं. आज आडनांवावर पांघरूण घातलें. उद्यां सुनेच्या आईचा फोन आला तर ती कोणत्या भाषेंत बोलली हें शेजारीण ऐकेल. परवां सण येईल. आणि पांच वर्षांचें मूल जेव्हां अंगणांत ‘माझी आजी’ म्हणून सांगूं लागेल, तेव्हां त्याच्या तोंडावर हात ठेवावा लागेल. अब्राहामानें परक्या देशांत भयानें साराला बहीण म्हटलें. तें अर्धें खरेंही होतें. पण अबीमलेखानें त्यास जो जाब विचारला त्यांत आम्हांस असें दिसतें कीं, राजा जितका दुष्ट असेल असें अब्राहामानें गृहीत धरलें होतें, तितका तो नव्हता. झांकणारा मनुष्य शेजाऱ्यास वाईट ठरवूनच झांकतो, आणि मग त्या शेजाऱ्यास चांगलें ठरण्याची संधि मिळत नाहीं. म्हणून त्या गृहस्थांस आमचें सांगणें असें आहे: मुलानें पाप केलें नाहीं, पण त्यानें एक ओझें उचललें आहे, व त्याचा जड भाग सुनेच्या डोक्यावर आहे, कारण झांकलेलें माहेर तिचें आहे. तुम्हीं तेथें गेल्यावर घरमालकास नमस्कार करा. नमस्कारांत कमीपणा नाहीं. मात्र नातवंडांशीं जसें गांवीं बोलतां तसेंच बोला. आणि खोली सोडावी लागली तरी चालेल असें जेव्हां तीं दोघें ठरवतील, तेव्हां तें ठरविणें त्यांचें असावें, तुमचें नव्हे. दुसऱ्याच्या छपराची पैज लावून सत्यवादी होणें फार सोपें आहे.

अमेरिकेंत याच्या उलट घडलें. रिचर्ड लव्हिंग हा गोरा व मिल्ड्रेड ही गोरी नव्हे अशी स्त्री. दोघें व्हर्जिनियांतील सेंट्रल पॉइंट या एकाच वस्तींतलीं. त्या वस्तींत निरनिराळ्या वर्णांचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळून राहत होतीं. अडविलें तें कायद्यानें. १९५८ सालीं त्यांनीं वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलें, म्हणून १९५९ सालीं न्यायाधीशानें एक वर्षाची शिक्षा ठोठावली, आणि पंचवीस वर्षें राज्यांत एकत्र येणार नसाल तर ती तहकूब ठेवूं असें सांगितलें. १९६७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असे कायदे रद्द केले. त्यांचा शेजार तयार होता आणि कायदा नव्हता. आपल्याकडे कायदा १९५४ पासून तयार आहे. इतकेंच नव्हे, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ सालीं स्वतंत्र कायदा केला. पण जातपंचायतीचा बहिष्कार उघड असतो. ‘खोली कालच गेली हो’ असें हंसून सांगणाऱ्यास कोणत्या कलमाखालीं धरावें?

मिसळून राहा, असा उपदेश अशा कुटुंबांस सर्वच करतात, आणि दाखला देतात पारशी लोकांच्या दुधांतील साखरेचा. दाखला गोड आहे, पण तो देणारे विसरतात कीं पारशी विरघळले नाहींत. त्यांनीं भाषा गुजराती घेतली, पेहराव बदलला. अग्नि आपला ठेविला. मिसळणें व नाहींसें होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांजकडे राहावयास आल्या त्या हिंदु म्हणूनच, व सोंवळें पाळीतच. एका छपराखालीं दोन आचार राहिले. टिळकांनीं सक्ती केली नाहीं. पुढें बाईंचें सोंवळें सुटलें तें त्यांच्याच विचारानें, व १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनीं वाचलें असेल त्यांस ही हकीकत ठाऊक आहे. ज्या अर्थीं नवराबायकोंमध्यें इतकीं वर्षें धीर धरावा लागतो, त्या अर्थीं गल्लीनें आठ दिवसांत भाडेकरूचा निकाल लावावा हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आणखी एक गोष्ट याच जिल्ह्यांतली. जनाबाई गंगाखेडच्या. त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरीं वाढल्या, तेथेंच राबल्या, आणि आज त्यांचीं पदें जात्यावर व दिंडींत सर्वत्र म्हटलीं जातात. परंतु लोक त्यांस अजून नामदेवांची दासी म्हणूनच ओळखतात. एखाद्यास घरांत घेणें व तो घरचा होणें यांत केवढें अंतर असूं शकतें! मिश्र कुटुंबास खोली देणारा घरमालकही पुष्कळदां इतक्यावरच थांबतो. भाडें घेतो, हांक मारीत नाहीं. हळदीकुंकवाचें बोलावणें दोन दारें सोडून जातें. आणि गांवांत तेढ पडली म्हणजे या घराची परीक्षा सुरू होते. २०२४ च्या डिसेंबरांत परभणी स्थानकाबाहेरील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली व दुसऱ्या दिवशींच्या बंदला हिंसक वळण लागलें. तशा दिवसांत प्रत्येक घर आपापल्या बाजूस सरतें. ज्या घरांतच दोन बाजू आहेत त्यानें कोठें सरावें? डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं लिहिलें कीं, जात मोडण्याचा खरा उपाय मिश्रविवाह, कारण त्यानें आप्तपणाची भावना उत्पन्न होते. १९४८ सालीं त्यांनीं स्वतः ब्राह्मण कुळांतील डॉ. शारदा कबीर यांच्याशीं विवाहही केला. पण तो आप्तपणा उंबऱ्याच्या आंतच राहिला, तर विवाह करणाऱ्या दोघांनीं आणखी किती करावें? बाकीचें काम शेजाऱ्यांचें आहे, आणि तें मोठेंही नाहीं. परभणीस नळाला रोज पाणी येत नाहीं. नव्या बिऱ्हाडास पाण्याचा दिवस कोणता हें आधींच सांगणारी एक बाई गल्लींत निघाली, कीं पुष्कळ झालें.

आतां आपल्याच मंडळ्यांविषयीं बोललें पाहिजे. आम्हांत जात नाहीं असें आपण म्हणतों, आणि सोयरीक ठरवितांना ‘मूळचे कोण?’ हें हळूच विचारतों. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनीं बेथेल वसविलें त्यास दीड शतक लोटलें. ब्राह्मणांतून आलेला तो पुरुष महारमांगांतून आलेल्यांबरोबर एका गांवांत राहिला. त्या मुलखांत आजही एका समाजांतून आलेल्या ख्रिस्ती घरानें दुसऱ्या समाजांतून आलेल्या ख्रिस्ती घरीं मुलगी देतांना कां कूं करावी, याचें उत्तर परभणीच्या घरमालकानें द्यावयाचें नाहीं. शिवाय अशी सून सुटींत गांवीं आली, कीं आपल्या बाया तिला मायेनें जवळ घेतात आणि त्याच दिवशीं तिचें नांव बदलून मार्था किंवा मेरी करून टाकतात. शहरांत तिचें नांव भयानें झांकलें जातें, गांवांत प्रेमानें. तिच्या आईनें ठेविलेलें नांव दोन्हीकडे जातें. रूथ मवाबी होती, व बेथलेहेमांत शेवटपर्यंत रूथच राहिली. तेथील शेजारणींनीं नांव ठेविलें तें तिच्या मुलाचें, ओबेद. येत्या नाताळांत ज्या घरीं अशी सून येणार असेल, तेथील बायांनीं तिला काय म्हणून हांक मारावी हें तिलाच विचारावें, आणि तिच्या माहेरीं त्या दिवसांत गोड काय करतात हेंही. तिला येत असेल तर चुलीपाशीं जागा करून द्यावी.