राबाचा धूर

पंजाब-हरियाणाची भातकापणी आटोपून दिल्लीवर धुरकट आच्छादन पसरले की शेतातली आग हा राष्ट्रीय चिंतेचा विषय होतो, आणि ऋतू पालटताच ती चिंता दप्तरी दाखल होऊन पुढच्या कार्तिकापर्यंत निवांत पडून राहते. या चर्चेत शेतकरी येतो तो बहुधा आरोपी म्हणून, क्वचित अगतिक जीव म्हणून. तो आग का लावतो याची चौकशी फारशी होत नाही, कारण सगळ्या आगी एकाच जातीच्या, असे आपण मनोमन धरून चाललेलो असतो. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या आपट्यासारख्या गावात उभे राहून या प्रश्नाकडे पाहिले, तर ही समजूत टिकत नाही.

उत्तर कोकणच्या या पट्ट्यात भातशेतीचा आरंभच मुळी अग्नीने होत आला आहे. ज्या तुकड्यात रोपे करायची त्या दाढीच्या जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर हिवाळ्यात तोडून वाळवलेले आईन-किंजळीच्या फांद्यांचे कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सर्वांवर चाळून घेतल्यासारखी बारीक माती, अशी रचना करून उन्हाळ्यात ती पेटवायची. आणि तीही वारा जिकडे वाहत असेल त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्यासंगे धावून क्षणात विझून न जाता वाऱ्याविरुद्ध, दबत दबत, मातीत ऊब मुरवीत सरकेल. हाच राब. या भाजणीत तणाचे बी मरते आणि भुई इतकी भुसभुशीत होते की आषाढात आवण, म्हणजे रोपे, उपटताना मुळे तुटत नाहीत. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांसह 1912 मध्ये राबाचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा राखेच्या खतमूल्याबरोबरच मातीला पोचणाऱ्या उष्णतेचे महत्त्वही त्यातून पुढे आले. कुणब्याला ते ठाऊक होते. त्याने ते फक्त लिहून ठेवले नव्हते.

सरकारशी या आगीचा कज्जा मात्र फार जुना आहे, आणि गंमत अशी की तो धुरावरून सुरू झालाच नाही. 1878 च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कवळ तोडण्याच्या वहिवाटीवर निर्बंध येऊ लागले, रयतेचे अर्ज आणि तक्रारी मुंबईपर्यंत पोचल्या, आणि अखेर 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला, ज्याचा अहवाल 1887 साली आला. जंगल खात्याला राबात जळताना दिसत होते ते इमारती लाकडाचे भावी उत्पन्न. राब भाजणाऱ्याच्या डोळ्यांत जाणाऱ्या धुराचा त्या वादात कोणालाच पत्ता नव्हता. पुढे 1960 नंतर पलीकडे रसायनीला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, तेव्हाही धुराविषयी दाढ भाजणाऱ्याचे मत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आता पंजाबची आग पाहा. राब ही कष्टाने लावलेली आग आहे: कवळ तोडायचे, भारे डोक्यावरून आणायचे, थर रचायचे, आणि पेटवल्यावर राखण करीत उभे राहायचे. पंजाबातील आग कष्ट आणि दिवस वाचवण्यासाठी लावलेली असते. भूजल वाचावे म्हणून तेथे 2009 साली भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत लांबवणारा कायदा झाला. त्यामुळे कापणी पुढे सरकली, गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले, आणि कापणीयंत्राने मागे ठेवलेला धसकटांचा नि पेंढ्याचा पसारा उचलण्यापेक्षा काडी ओढणे स्वस्त पडू लागले. एक टन पेंढा जाळला की सुमारे 3 किलो सूक्ष्म कण आणि 60 किलो कार्बन मोनॉक्साइड हवेत जातो, आणि त्या दिवसांत उत्तरेची थंड हवा हा धूर जमिनीलगतच धरून ठेवते. पाणी राखणारा कायदा धुराला असा कारण झाला, याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. आपट्याकडे पेंढा जाळण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. त्याची उडवी रचली जायची, कारण दावणीला गुरे होती.

म्हणून राब निर्दोष ठरतो असे मात्र नाही. उन्हाळ्याची तापलेली हवा आणि खाडीकडून येणारा वारा त्याचा धूर लवकर उधळून लावतात, हे खरे. पण आगीजवळ फांदी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या छातीत तो आधी जातो, आणि परंपरेचे गुणगान करणारे बहुधा तिच्यापासून बऱ्याच अंतरावर उभे असतात.

राब कमी होण्याचा विश्वास वाटावा अशी वाट फर्मानाने नव्हे, जवळच नेरळला एका शेतकऱ्याने दाखवली. चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात कायमचे गादीवाफे करून त्यांवर बी टोकायचे असते. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, मागील पिकाची मुळे जमिनीतच कुजतात. दाढच नसेल तर भाजायचे काय? हे तंत्र घेणारा माणूस हवेचे शुद्धीकरण करायला निघालेला नसतो. लावणीच्या मजुरीचा हिशेब जमत नाही म्हणून तो तिकडे वळतो, आणि धूर आपोआप कमी होतो. दंडाच्या नोटिशीपेक्षा हा हिशेब मला अधिक भरवशाचा वाटतो.

पण पनवेल तालुक्यात आता तिसरीच आग दिसते. जमिनीचे भाव चढले, शेते विकली गेली, आणि ज्यांत वर्षानुवर्षे नांगर फिरला नाही अशा तुकड्यांवर पुरुषभर गवत माजले. माघ-फाल्गुनात ते कोणीतरी पेटवून देतो: साफ करायला, वाट काढायला, कधी नुसतीच काडी हातात आली म्हणून. या आगीला ना पीक आहे ना राखण, आणि बांध ओलांडून ती डोंगराला लागली की तिचा वणवा होतो. उद्या तलाठ्याने पंचनामा करायचा म्हटले तर सातबाऱ्यावरचे नाव मुंबईत राहणाऱ्याचे, काडी ओढणारा अज्ञात, आणि शेजारच्या तुकड्यात ज्याची भाजलेली दाढ उघड्यावर काळी दिसते तो शेतकरी तेवढा चौकशीला घरी सापडणार.