धर्म सांगावा कोणत्या बोलीत?

देवाधर्माची गोष्ट एकाच पवित्र भाषेत सांगता येते का, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यमेळु आणि तेकुल या ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्षूंचा प्रसंग बौद्धांच्या विनयपिटकात आहे. नाना जातिकुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत सांगून बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक धाटणीत बांधू या, असे त्यांनी सुचवले. बुद्धांनी साफ नकार दिला. वेदाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे मत नेमके उलटे: शब्द-अर्थाचे नाते नित्य आहे, म्हणून वेदाचे अक्षरही हलवायचे नाही.

तेराव्या शतकात हाच प्रश्न गोदाकाठी उभा राहिला. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी परंपरेनुसार मूळचे गुजरातचे, पण निरूपण त्यांनी मराठीत केले. पुढे म्हाइंभट हा संस्कृतचा पंडित एकेका शिष्याला गाठून स्वामींच्या आठवणी टिपत राहिला आणि ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. पंथातल्याच केशिराजबासांचा ओढा संस्कृतात लिहिण्याकडे होता. स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या आचार्य नागदेवांनी त्यांना थांबवले. ग्रंथ संस्कृतात गेले तर स्वामींची साधीसुधी माणसे उपाशीच राहतील, हे त्यांचे म्हणणे. त्या माणसांत बायका पुष्कळ होत्या. त्यांच्यातलीच महदाइसा, धवळे म्हणजे लग्नगीते रचणारी, स्वामींना प्रश्नांवर प्रश्न विचारी. न कळणाऱ्या भाषेपुढे हात जोडता येतात, शंका मात्र काढता येत नाही. नागदेवांचा निर्णय म्हणूनच केवळ सोयीचा नव्हता. शंका काढण्याचा हक्क त्यांनी राखला.

पुढे मात्र याच पंथाचे ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत झाकले गेले आणि शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उकलल्यावर आद्य मराठी गद्याचे हे भांडार अभ्यासकांपुढे आले.

नागदेवांचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी माणसाला आज त्यांचाच प्रश्न गडचिरोलीत भेटतो, आणि तिथे संस्कृतच्या जागी मराठी आहे. 2011च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे 24,821 लोक होते, गोंडी सांगणारे सुमारे 30 लाख. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. गोंडांचे पेन म्हणजे देव, गोटुल म्हणजे तरुणांचे एकत्र शिकण्याचे घर, पूर्वजांच्या कथा हे सगळे ज्या भाषेत नांदते, ती बोलणारे पोर पहिलीत बसते तेव्हा पाटीवरचे अक्षर आणि बाईंचे बोलणे दोन्ही त्याला परके. न समजल्याचे सांगायलाही त्याच्याजवळ मराठी नसते. मग ते गप्प बसते, आणि मोठी माणसे त्याला मंद ठरवतात. हा अन्याय आहे, आणि तो मराठीच्या नावावर होतो.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच उभी केली. मान्यतेसाठी तिला सरकारशी झगडावे लागले.