स्मृती गेली नाही, वाट बुजली

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३

मित्रांनो, या दोन श्लोकांत भगवंत आपल्या घसरणीच्या पायऱ्या एकेक करून दाखवतात. विषयांचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. आज फक्त 'स्मृतिभ्रंश' या पायरीवर थांबू या.

वेबसाइट सांभाळणाऱ्यांना ही पायरी चांगली ठाऊक असते. कालपर्यंत नीट चाललेली साइट आज उघडत नाही. टेबल क्रॅश झालंय, एवढंच कळतं. पोटात गोळा येतो, वाटतं सगळं गेलं! पण मायआयसॅम प्रकारच्या टेबलात माहिती एका फाइलमध्ये असते आणि ती कुठे सापडेल हे सांगणारी अनुक्रमणिका दुसऱ्या फाइलमध्ये. पुष्कळदा बिघडलेली असते ती अनुक्रमणिका. सीपॅनेलमध्ये 'रिपेअर डेटाबेस' केलं, की आत असलेल्या माहितीवरूनच ती पुन्हा बांधली जाते.

मनाचंही तसंच नाही का? रागाच्या भरात माणूस आईला वाट्टेल ते बोलतो. तिचे कष्ट, तिची माया तेव्हा पुसली गेलेली नसते. आत सगळं असतं, फक्त त्या क्षणी सापडत नाही.

पण दुरुस्तीलाही शिस्त आहे. आधी बॅकअप घ्यायचा, कारण दुरुस्ती करताना माहिती जाण्याचा धोका असतो. म्हणून राग असताना नंबर ब्लॉक करू नका, नातं तोडू नका. आहे ते आधी जपा.

आणि हे बटण सगळीकडे चालत नाही. मायएसक्यूएल ५.५ पासून टेबलं मुळातच इनोडीबी प्रकारची बनतात. त्यांना ही आज्ञा लागू होत नाही. तिथे मोठा बिघाड झाला तर बहुधा जुना बॅकअपच तारतो, आणि तो आधीच घेऊन ठेवलेला असावा लागतो. रोजचं नामस्मरण हे तसंच आहे. संकटाच्या दिवशी ते नव्याने उभं करायला वेळ नसतो.

अठराव्या अध्यायात अर्जुन सांगतो की मोह गेला, स्मृती लाभली. युद्ध समोर तसंच उभं होतं. बदललं होतं ते त्याचं मन.

आजचा संकल्प : राग चढू लागला, की उत्तर देण्याआधी त्या माणसाने आपल्यासाठी केलेली एक तरी गोष्ट आठवायची.

रामकृष्ण हरी!